सही करण्याआधी

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून ही तारीख. त्या आठवड्यात बंदरांवर आणि कारखान्यांत बिल्ले वाटतात, शपथ घेतात आणि घोषवाक्य स्पर्धा ठेवतात. अशा स्पर्धा आपल्या मराठी मंडळाच्या अगदी हातच्या, कारण यमक जुळवायला आपण पटाईत. 'घाई'ला 'आई' जुळते, 'हेल्मेट'ला 'गेट' जुळतं, आणि संध्याकाळी दारात वाट बघणारी मुलगी तर जवळजवळ प्रत्येक ओळीत उभी असते.

यमकाबद्दल माझी तक्रार नाही. या सगळ्या घोषवाक्यांत माणूस एकच असतो, कामगार, एवढंच मला खटकतं. घाई तोच करतो, हेल्मेट तोच विसरतो, लक्ष त्याचंच उडतं. क्रेनचा दोर कोणी तपासला, तपासल्याच्या कागदावर सही कोणाची आहे, सही करणाऱ्याने तो दोर पाहिला होता का, हे विचारणारं घोषवाक्य निदान मी तरी अजून वाचलेलं नाही.

आणि बंदरावरची सुरक्षितता बहुतेक वेळा त्या सहीपाशीच ठरते.

अकाबाचं उदाहरण घ्या. अकाबा हे जॉर्डनचं एकमेव बंदर. २७ जून २०२२ रोजी तिथे क्लोरीनने भरलेली एक टाकी क्रेनने उचलून जहाजावर चढवली जात होती. तारेचा दोर तुटला, टाकी डेकवर आदळून फुटली आणि पिवळा वायू धक्क्यावर पसरला. त्याचा व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. १३ माणसं गेली, अडीचशेहून अधिक जखमी झाली. पुढे सरकारी चौकशीतून जे बाहेर आलं ते ऐकायला फार साधं आहे: दोराची जेवढी ताकद होती, तिच्या जवळजवळ तिप्पट वजन त्याच्यावर टांगलं होतं. यात रसायनशास्त्र नाही. पाचवीतला मुलगा करील अशी ही वजाबाकी आहे, आणि ती करायची जागा म्हणजे काम सुरू होण्याआधी भरायचा तक्ता.

आपल्याकडे नियम नाहीत असं मुळीच नाही. गोदी कामगारांच्या सुरक्षेचा, आरोग्याचा आणि कल्याणाचा कायदा १९८६ साली झाला, त्याचे तपशीलवार विनियम १९९० साली आले. उचलण्याच्या प्रत्येक यंत्राची पहिल्यांदा वापरण्याआधी चाचणी, मग निदान पाच वर्षांतून एकदा पुन्हा चाचणी, वर्षातून एकदा कसून तपासणी, आणि हे सगळं 'सक्षम व्यक्ती'कडून. किती वजन सुरक्षितपणे उचलता येईल तो आकडा यंत्रावर ठळक लिहिलेला हवा. दोराच्या किती तारा तुटल्या की दोर बाद, याचंही माप ठरलेलं. मोठ्या बंदरांसाठी गोदी सुरक्षेचे निरीक्षक आहेत, आपल्या मुरगावलाही आहेत. कागदावर बघितलं तर आपली गोदी जगातल्या कुठल्याही गोदीच्या पंगतीला बसेल.

पण कागद भरायचा कुठे? ऑफिसात. आणि कधी? जहाज लागलेलं असतं, गँग उभी असते, एजंटाचा फोन वाजत असतो, तेव्हा. मग कालचाच तक्ता पुढे ओढायचा, तारीख बदलायची आणि चौदा चौकटींत चौदा टिका मारायच्या. हे काम कुठल्या राक्षसाच्या हातून होत नाही. बी.कॉम. झालेला, लॉजिस्टिक्सचा डिप्लोमा घेतलेला, पहिल्या नोकरीत सहा महिने काढलेला मुलगा किंवा मुलगी ते करते. म्हणजे आपल्याच वर्गातलं कोणीतरी. म्हणूनच हा विषय साहित्याच्या अंकात आणावासा वाटला. आपल्या कॉलेजातून दरवर्षी किती जण वास्कोला शिपिंग एजन्सीत, कस्टम्स ब्रोकरकडे, गोदामांत लागतात ते सांगायला नको. आपण धक्क्यावर हुक लावायला जाणार नाही. आपण टेबलाशी बसणार, आणि आपल्या हातात पेन असणार.

आता थोडं आपल्या बंदराविषयी. मुरगावला मोठ्या बंदराचा दर्जा १९६३ साली मिळाला. पुढची कित्येक वर्षं त्याची ओळख म्हणजे लोहखनिज: मांडवी-जुवारीतून बार्ज यायचे आणि खनिज जहाजांत ओतलं जायचं. २०१२ साली खाणी थांबल्या आणि बार्ज नदीत नांगरून पडले. कोळसा मात्र येत राहिला. त्याच्या धुळीवरून वास्कोत २०१७ साली जनसुनावण्या झाल्या, केवढी गर्दी लोटली होती तेव्हा. लोक बाल्कनीतली काळी फडकी घेऊन बोलत होते. ते बरोबरच होतं. पण त्याच कोळशाच्या ढिगावर, जहाजाच्या पोटात उतरून, फावडं मारणाऱ्यांच्या फुप्फुसांविषयी त्या मानाने फार थोडं बोललं गेलं असं मला वाटतं. शहराला लागलेली धूळ आपल्याला दिसते, आतल्या माणसाला लागलेली दिसत नाही.

ग्रॅब कोळसा उचलतो, तरी कोपऱ्यांत आणि चौकटींच्या मागे थोडा उरतोच. तो गोळा करायला माणसं खाली उतरतात. जहाजाच्या या पोटाला होल्ड म्हणतात. कोळसा नुसता पडून असला तरी हवेतला प्राणवायू शोषून घेतो, कार्बन मोनॉक्साइड सोडतो, काही कोळशातून मिथेनही निघतो. लाकडाच्या ओंडक्यांचं आणि भुशाचंही तसंच. आपण श्वास घेतो त्या हवेत प्राणवायू जवळपास २१ टक्के असतो. तो दहाच्या आसपास आला की माणसाला चक्करही येत नाही, तो सरळ कोसळतो. वास नाही, रंग नाही, घशात खवखव नाही. त्यातून फसवी गोष्ट अशी की वरचं झाकण उघडलं म्हणून होल्डची हवा मोकळी झाली असेल, पण शिडीचा जो बंदिस्त बोगदा असतो त्यातली हवा तशीच कोंडलेली राहते. माणूस त्या शिडीवरच पडतो. त्याला पडलेला बघून दुसरा धावतो. मग तिसरा. अशा अपघातांत वाचवायला गेलेलेच मरतात, हे जहाजांच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहे.

ठाऊक आहे म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियम झाले. २०१५ पासून जहाजावरच्या खलाशांना दर दोन महिन्यांनी बंदिस्त जागेत उतरण्याचा आणि तिथून माणूस काढण्याचा सराव करावा लागतो. २०१६ पासून हवा मोजायचं हातातलं यंत्र जहाजावर ठेवणं सक्तीचं आहे. चांगलंच झालं. पण हा सराव जहाजाच्या लोकांचा. किनाऱ्यावरून सकाळी सातला येणारी, दुपारी तीनला जाणारी आणि उद्या कदाचित दुसऱ्याच जहाजावर लागणारी गँग त्या सरावात नसते. तिच्या वाट्याला काय येतं, तर सकाळचं पाच मिनिटांचं भाषण आणि एक रजिस्टर. भाषण बहुधा हिंदीत, रजिस्टर इंग्रजीत. खाली सह्या: काही कन्नडमध्ये, काही ओडियात, एखादी देवनागरीत, आणि काही अंगठे.

या रजिस्टरापाशी मला थांबायचं आहे, कारण भाषा हा आपला, मंडळाचा विषय.

कारखाने अधिनियम १९४८ चा. त्याच्या १०८ व्या कलमात म्हटलं होतं की कायद्याने लावायच्या सूचना इंग्रजीत आणि शिवाय बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत हव्यात. म्हणजे पाऊणशे वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांना हे सुचलं होतं. प्रत्यक्षात 'समजेल अशी भाषा' म्हणजे काय होतं? एक तर काहीच नाही, नाहीतर सरकारी मराठी. 'परिरुद्ध जागेत प्रवेश करण्यापूर्वी प्राणवायूची न्यूनता नसल्याची खातरजमा करण्यात यावी.' हे मराठीच आहे, आणि बी.ए.च्या पेपरात भाषांतर म्हणून याला पुरेपूर गुण मिळतील. सांगलीहून आलेल्या, सातवी झालेल्या माणसाला यातला 'प्रवेश' कळेल, आणि तो प्रवेश करील.

न कळलेल्या गोष्टीखाली सही घेतली की ती सही कामगाराच्या काहीच उपयोगाची राहत नाही. उलट अपघात झालाच तर तीच त्याच्यासमोर धरतात: बघ, तुला सांगितलं होतं, ही तुझी सही.

माझा मामा पंधरा वर्षं बार्जवर होता. खाणी थांबल्यावर काही काळ घरी बसला, मग बंदरात एका कंत्राटदाराकडे लागला. कुठला कंत्राटदार ते सांगत नाही. एकदा शॅकल आणि लोखंडी कडेच्या मध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं सापडली. मुकादमाने त्याला बंदराच्या दवाखान्यात नेलं नाही, मोटरसायकलवर मागे बसवून एका खाजगी डॉक्टरकडे नेलं. वाटेत त्याला म्हणाला, "पात्रांव विचारील तर घरी दारात बोटं सापडली म्हणून सांग. मी बघून घेतो." मामाने तसंच सांगितलं. टाके पडले, तीन हप्ते घरी, त्यातल्या एका हप्त्याचे पैसे मिळाले. पुढे मी त्याला विचारलं, "मामा, तू खरं का नाही सांगितलंस?" तर म्हणाला, "बाय, गेटवर बोर्ड आहे ना, किती दिवस अपघात नाही त्याचा. तो शून्यावर आला असता तर सगळ्या गँगचा बोनस गेला असता. मग माझ्याशी बोललं कोण असतं?"

तो बोर्ड तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. लावणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण बक्षीस त्या आकड्याला लावलं की आकडा वाढतो आणि अपघात घरच्या दारात व्हायला लागतात. त्यापेक्षा 'या महिन्यात किती वेळा थोडक्यात वाचलो' हे मोजावं, आणि जास्त सांगणाऱ्या गँगला बक्षीस द्यावं. सुटलेला हुक, घसरलेली स्लिंग, माणसाच्या डोक्यावरून गेलेला बोजा, यातलं सगळं कुणीतरी पाहिलेलं असतं. लिहून मात्र कोणी देत नाही.

मुंबई गोदीतला स्फोट आपल्याला ठाऊक असतो. १४ एप्रिल १९४४. फोर्ट स्टिकीन जहाजावर सुमारे १४०० टन स्फोटकं आणि त्यांच्याच सोबत कराचीहून भरलेल्या कापसाच्या गासड्या. ६६ अग्निशामक जवान त्यात गेले, आजही देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. बैरूतही लक्षात आहे: २७५० टन अमोनियम नायट्रेट गोदामात वर्षानुवर्षं पडून होतं, कस्टम्सचे अधिकारी त्याबद्दल पत्रांवर पत्रं लिहीत होते, आणि ४ ऑगस्ट २०२० ला दोनशेहून अधिक माणसं गेली. त्या पत्रांवर सह्या होत्याच की. त्यानंतर आठवड्याभरात आपल्या चेन्नईत २०१५ साली जप्त केलेलं सुमारे सातशे टन अमोनियम नायट्रेट घाईघाईने हैदराबादकडे हलवायला सुरुवात झाली. पाच वर्षं जे जमलं नाही ते काही दिवसांत जमलं, कारण वर्तमानपत्रांत फोटो आले होते. मामाच्या बोटांचा फोटो येत नाही.

यावर व्यवसायातले लोक एक उत्तर देतात, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. जहाज थांबलं की डेमरेज लागतं. ठरल्या वेळेपेक्षा जास्त खोळंबलेल्या प्रत्येक दिवसाचे लाखो रुपये मालवाल्याने मोजायचे. चौदा चौकटी खरोखर तपासायच्या तर पाऊण तास जातो, हवा मोजायला अजून अर्धा. एका बंदराने वेळ लावला तर माल दुसऱ्या बंदराला जातो आणि मग त्याच गँगला काम नाही. कामगारही पुष्कळदा घाईच्याच बाजूचा असतो, कारण टनावर पैसे असतील तर थांबण्याचे पैसे त्याच्याच खिशातून जातात. मे महिन्यात लोखंडी होल्डमध्ये हेल्मेट, बूट आणि मास्क घालून बघा, मग त्याच्या आळशीपणावर बोला. मला हे सगळं पटतं. म्हणूनच वाटतं की थांबण्याचा दर कामगाराच्या अंगावर नको. सुरक्षेसाठी थांबलेल्या वेळाची मजुरी आधीच करारात धरावी. जहाजाच्या खोळंब्याचा तासातासाचा हिशेब आपण ठेवतोच, तर गँगच्या अर्ध्या तासाचा ठेवणं काही अवघड नाही.

कायदा इथे कितपत मदतीला येतो? व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची संहिता २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. गोदी कामगारांचा १९८६ चा कायदा धरून तेरा कायदे तिने पोटात घेतले. नियुक्तीपत्र देणं तिने बंधनकारक केलं, आणि कंत्राटी माणसाला ही लहान गोष्ट नाही, कारण मामासारख्यांना आपण नक्की कोणाचे नोकर हेच अपघाताच्या दिवशी सिद्ध करता येत नाही. तिचं १४ वं कलम कामगाराने वाचण्यासारखं आहे. आपल्या कामातल्या धोक्याची माहिती मागायचा हक्क त्यात आहे. जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल अशी सयुक्तिक भीती वाटली तर कामगार ते मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवू शकतो. मालकाला पटलं तर त्याने लगेच उपाय करायचा. नाही पटलं तर प्रकरण निरीक्षकाकडे जाणार, आणि निरीक्षक म्हणेल ते अखेरचं.

वाचताना बरं वाटतं. पण निरीक्षक येईपर्यंत त्या माणसाने काय करायचं? शिडीच्या तोंडाशी उभं राहायचं की खाली उतरायचं? हे कलम त्याला कळवण्याचा हक्क देतं, 'मी उतरत नाही' म्हणण्याचा हक्क त्यात स्पष्ट शब्दांत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात तो आहे: समोर दिसणाऱ्या धोक्यापासून जो कामगार बाजूला होतो त्याला त्याबद्दल शिक्षा होता कामा नये. २०२२ साली संघटनेने सुरक्षित कामाची जागा हा मूलभूत हक्कच मानला. आपल्या संहितेत एवढं एक वाक्य सरळ आलं असतं तर फार बिघडलं नसतं. ते येईपर्यंत मधली जागा टेबलावरच्या माणसाने भरायची आहे. परवाना सही होऊन खाली गेला नाही तर गँगला उतरवता येत नाही. नाही म्हणण्याची जी ताकद कामगाराकडे नाही, ती त्या टेबलाकडे असते. नव्या नोकरीत, साहेब समोर असताना, ती वापरणं सोपं नाही हे मलाही कळतं. निदान एवढं तर करता येईल की हवेचा आकडा पाहिल्याशिवाय आकड्याच्या चौकटीत काही लिहायचं नाही. ती मोकळी सोडायची. मोकळी चौकट दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं, टिक मारलेली कोणी विचारत नाही.

आणि मंडळाने काय करावं? या वर्षी घोषवाक्यं थांबवून दुसरं काहीतरी लिहूया. मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी होल्डमध्ये उतरण्याआधीच्या सूचनांचा एक मसुदा केला आहे. तो मामाला वाचून दाखवला, त्याने दोन शब्द बदलले. आता तो असा आहे:

खालची हवा मेलेली असू शकते. तिला वास येत नाही. मीटर लावून आकडा बघितल्याशिवाय उतरू नका, शिडीवरसुद्धा नाही. कोणी खाली पडला तर त्याच्यामागे उतरू नका, वरून ओरडा आणि माणसं बोलवा.

'मेलेली हवा' हा शब्द मामाचा. आम्ही 'खराब हवा' लिहिलं होतं, तर तो म्हणाला, खराब हवा म्हणजे लोकांना कुजका वास वाटेल, आणि वास नाही म्हणून ते उतरतील. कोंकणी मसुदाही झाला आहे. ओडियासाठी होस्टेलमधली एक मुलगी मदत करते आहे. कन्नडमध्ये शेवटचं वाक्य अजून अडलं आहे, कारण 'उतरू नका' सभ्यपणे म्हटलं की ते विनंतीसारखं वाटतं आणि आम्हाला ते दरडावल्यासारखं हवं आहे. कन्नड घरची भाषा असलेलं कोणी असेल तर शनिवारी मंडळाच्या खोलीत यावं. विजापूर-बागलकोटकडचं बोलणारं असेल तर जास्त बरं, कारण मामाच्या गँगमधले बहुतेक तिकडचे आहेत.